देशात एवढी फूट पडलेली असताना करुणा आणि एकोपा निवडणं खरंच जमतं का?

प्रश्न वाचला. तुम्ही लिहिलंय की फॅमिली ग्रुपवर मामा रोज कुठल्या ना कुठल्या समाजाविरुद्ध काहीतरी टाकत असतात, शाळेच्या ग्रुपवरही तेच सुरू झालं तेव्हा तुमचा मुसलमान मित्र काही न बोलता ग्रुप सोडून गेला, आणि आता बोलावं तर भांडण, गप्प बसावं तर मनाला लागतं. जमतं का म्हणून विचारताय. जमतं की. पण आधी मन मोठं होईल आणि मग आपण चांगले वागू अशी वाट बघत बसाल तर या जन्मी नाही जमणार. माझं मत असं की येणं-जाणं, घेणं-देणं तुटू द्यायचं नाही, मन त्याच्या मागून येतं. कधी कधी येतही नाही, तरी चालतं.

मी ग्वाल्हेरचा, लष्करमधला. शिंद्यांच्या फौजेबरोबर जी मराठी घरं इकडे आली त्यांतलं एक आमचं. घरात मराठी, बाहेर हिंदी, भांडताना दोन्ही.

आमच्या गल्लीत बायकांचं भजनी मंडळ आहे, माझी आत्या चालवते. दरवर्षी गणपतीच्या आधी पखवाज आणि तबला दुरुस्तीला जातो, तो एका चाचांकडे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, आत एकच माणूस बसू शकतो, गिऱ्हाईक रस्त्यावर. मी लहानपणापासून तिथे उभा राहून बघत आलोय. शाई लावायची म्हणजे लोखंडाचा कीस आणि खळ यांचा काळा लगदा बोटाने पुडीवर, म्हणजे तोंडाच्या ताणलेल्या कातड्यावर, गोल पसरायचा, थोडा सुकला की गुळगुळीत दगडाने घासायचा, परत थर, परत घासणं, मध्येच कान जवळ नेऊन टिचकी मारायची, नाही पटलं तर तोंड वाकडं करून परत दगड. अर्धा दिवस जातो. आणि हो, पुडीचं कातडं बकऱ्याचं असतं, तेच घरी आणून आपण देवासमोर ठेवतो, त्यावर हळदीकुंकू वाहतो, तेव्हा कोणाचं काही म्हणणं नसतं.

मध्ये शहरात वातावरण तापलं होतं तेव्हा मंडळाच्या ग्रुपवर एकीने टाकलं की यंदा ‘त्यांच्याकडे’ काम द्यायचं नाही. दोन-तीन जणींनी लगेच हात जोडलेले इमोजी. आत्याने एवढंच लिहिलं, “ठीक आहे. मग शाई कोण लावणार, तुझे मिस्टर?” ग्रुप गार. दुसऱ्या दिवशी पखवाज रिक्षात घालून ती स्वतः घेऊन गेली.

आता आत्या काही संतबिंत नाही हां. त्या दुकानात ती पाणीसुद्धा पीत नाही, मला ते खटकतं आणि मी तिला बोलूनही दाखवतो, ती म्हणते तू तुझं बघ. पण तिकडे चाचांच्या सुनेचं बाळंतपण अडलं तेव्हा रात्री ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावणारी तीच होती. माणसं अशी अर्धीमुर्धीच असतात. मला विचाराल तर हे अर्धंमुर्धंही टिकवून धरायला हवं, कारण ते एकदा तुटलं की पुन्हा जोडायला कोणी रिकामं बसलेलं नाहीये.

ग्वाल्हेरचं गाणं बघा ना, ते असंच उभं राहिलंय. हद्दू खाँ-हस्सू खाँ शिंद्यांच्या दरबारातले गवई, त्यांची गायकी शिकले कोण, तर वासुदेवबुवा जोशी, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, त्यांच्याकडून विष्णू दिगंबर पलुसकर, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रात ख्याल पोचला तो या वाटेने. निसार हुसेन खाँ तर शंकरराव पंडितांच्या घरातच राहिले. एका ब्राह्मणाच्या घरात मुसलमान उस्ताद, त्या काळात! शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव पंडित त्यांच्याकडे शिकले आणि १९१४ मध्ये इथे गाण्याची शाळा काढली. सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही, विद्या चोरून ऐकल्याचे किस्से आहेत, शिवाशिव तर होतीच, कपबशा वेगळ्या होत्या. तरीही एकमेकांवाचून अडत होतं. हे अडणं फार कामाचं असतं. आज आपलं कोणावाचून अडत नाही, सगळं ऑनलाइन मागवता येतं, म्हणून समोरच्याला उडवून लावणंही स्वस्त झालंय असं मला वाटतं.

इथेच हजीऱ्याला सूफी संत महंमद गौसांच्या मकबऱ्याशेजारी तानसेनची कबर आहे. तिथे डिसेंबरात तानसेन समारोह होतो, २०२४ मध्ये शंभरावा झाला. पहिल्या दिवशी सकाळी शहनाई वाजते, मग आपले ढोलीबुवा महाराज हरिकथा सांगतात, मग मौलानासाहेब मिलाद, म्हणजे पैगंबरांचं गुणगान, वाचतात, मग चादर. रात्रीच्या मोठ्या कलाकारांना गर्दी असते, सकाळी तुलनेने कमी, पण मला सकाळच जास्त आवडते. कुठेही एकात्मतेचा बॅनर नाही, आपापल्या पद्धतीने आपापलं म्हणायचं आणि दुसऱ्याचं होईपर्यंत बसून राहायचं.

हे वाचून ग्वाल्हेर म्हणजे स्वर्ग वाटत असेल तर तेही सांगतो. गांधीजींना ज्या पिस्तुलाने मारलं ते इथूनच मिळवलेलं होतं. आणि त्यानंतर जे झालं ते आपल्या मराठी लोकांनी, खास करून माझ्यासारख्या ब्राह्मण घरातल्यांनी, विसरता कामा नये. गोळी घालणारा एक, कटात मोजकी माणसं, पण १९४८ मध्ये सातारा-सांगली-कोल्हापूरकडे ज्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता अशा लोकांची घरं जळाली, का तर आडनावं त्या जातीची. माझ्या आजीचं माहेर तिकडचं. वाडा गेला. ज्यांनी पोरांना गोठ्यात लपवलं आणि दारात उभं राहून जमावाला “इथं कोणी नाही” म्हणून सांगितलं ते शेजारी मराठाच होते. आजी हे दोन्ही एकाच दमात सांगायची, घर जाळणारे आणि वाचवणारे, आणि शेवटपर्यंत त्या शेजाऱ्यांना दिवाळीला पत्र टाकायची. म्हणून कोणी मला “ते लोक सगळे सारखेच” म्हणालं की मी वाद घालत नाही, एवढंच विचारतो की मग १९४८ मध्ये आपल्याबद्दल लोक बरोबरच बोलत होते का? बहुतेक जण विषय बदलतात. बदलू द्या.

आता तुमचं. मामांशी ग्रुपवर भिडू नका, चार लोकांसमोर कोणीही मागे हटत नाही, तुमचे मामाही हटणार नाहीत. फॉरवर्ड खोटं असेल तर एका ओळीत “मामा, हा व्हिडिओ जुना आहे” एवढं लिहून सोडून द्या, पुढे चिडवाचिडवी नाही. बाकीचं प्रत्यक्ष भेटल्यावर, जेवणं झाल्यावर, दोघंच असताना. तेव्हाही त्यांना कसली भीती वाटते, कोणाचा राग आहे ते आधी ऐकून घ्या, पुष्कळदा त्याच्या मुळाशी दुकानाचा भाडेकरू नाहीतर भावकीतली कोर्टकचेरी निघते. फक्त कोणी सरळ मारा-कापा लिहीत असेल तर तिथे एकोपा वगैरे काही नाही, स्क्रीनशॉट काढा आणि पोलिसात द्या, मग तो मामा असो नाहीतर कोणी असो.

आणि त्या मित्राला मेसेज नको, फोन करा. ग्रुपवर जे झालं त्यावर तुमचं भाषण त्याला नकोय, तो असली भाषणं ऐकून कंटाळला असेल. आईवडिलांची तब्येत विचारा, कामधंद्याचं विचारा, कधी भेटतोस ते विचारा. तो तुटक बोलला तर वाईट वाटून घेऊ नका, एवढे दिवस तुम्हीही गप्पच होतात हे त्याने बघितलंय. पंधरा-वीस दिवसांनी परत करा. त्याचं एखादं काम तुमच्याकडून होण्यासारखं असेल तर करा, आणि तुमचं एखादं काम त्यालाही सांगा, हे दुसरं जास्त महत्त्वाचं.