हिरोशिमा सगळ्यांना माहीत, मग टोकियोवरची बॉम्बफेक लोक विसरले कसे?

लोक विसरलेले नाहीत. ती आठवण जपायची जबाबदारी सरकारने घेतली नाही, म्हणून ते तुम्हाला विसरल्यासारखं दिसतंय. मी काही वर्षं टोकियोत निशी-कासाईला राहिलो (आपली बरीच आयटीवाली मंडळी असतात तिथे), ते सगळं जळालं ती वस्ती तिथून जवळच.

१० मार्च १९४५, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. अमेरिकेची २७९ बी-२९ बॉम्बफेकी विमानं नेहमीची उंची सोडून पाच ते नऊ हजार फुटांवर उतरून आली आणि सुमिदा नदीकाठच्या दाटीवाटीच्या लाकडी घरांवर नेपामचे (चिकटून जळत राहणाऱ्या इंधनाचे) बॉम्ब टाकून गेली. साधारण ४१ चौरस किलोमीटर शहराची राख झाली, अंदाजे एक लाख माणसं गेली, दहा लाखांहून जास्त बेघर झाली. त्यात जपानच्या हवाई संरक्षण कायद्याप्रमाणे नागरिकांनी पळायचं नव्हतं, थांबून आग विझवायची होती. बादलीभर पाण्याने नेपाम! कोतोतोई पुलावर दोन्ही काठांची माणसं एकमेकांना भिडली आणि तिथेच संपली.

घाईघाईने बागांमध्ये पुरलेली प्रेतं पुढे उकरून दहन केली आणि अस्थी योकोआमिचो पार्कमधल्या स्मारकात नेऊन ठेवल्या. ते स्मारक मुळात १९२३च्या भूकंपातल्या मृतांसाठी, १९३० साली बांधलेलं. मला खटकतं ते इथेच. धरणीकंपाने मेलेले आणि बॉम्बने मेलेले एका छताखाली ठेवले, की मारणारा कोण होता हा प्रश्नच उरत नाही.

या हल्ल्याच्या आठवणींसाठी टोकियो महानगर प्रशासनाचं संग्रहालय व्हायचं होतं, पण ती योजना १९९९मध्ये गोठवली गेली. शेवटी लोकांनीच वर्गणी काढून २००२मध्ये टोकियोतल्याच कितासुनाला छोटं संग्रहालय उभं केलं. सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना पेन्शन मिळाली. होरपळलेल्या सामान्य नागरिकांना भरपाई नाही. हिबाकुशांसाठी (अणुबॉम्बमधून वाचलेल्यांसाठी) १९५७पासून निदान वैद्यकीय मदतीचा कायदा तरी होता. टोकियोतल्या वाचलेल्यांनी २००७मध्ये खटला भरला, तो २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन हरले. आणि ज्या अमेरिकी सेनापती कर्टिस लेमे यांनी हा हल्ला आखला, त्यांना जपानच्या नव्या हवाई दलाच्या उभारणीतल्या मदतीबद्दल १९६४मध्ये जपान सरकारनेच मोठा किताब दिला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छापण्यातली चूक वाटली होती.

हिरोशिमाला निदान तो मोडका घुमट उभा आहे. टोकियोत दाखवायला अवशेषच फारसे नाहीत, सगळ्यावर नवं शहर चढलं. आपले पर्यटक आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिरासमोर फोटो काढतात, ते मुख्य मंदिर १९५८चं, काँक्रीटचं. जुनं त्याच रात्री जळालं. आवारात गिंकोची झाडं मात्र तेव्हापासूनची आहेत, खोडावर कोळशासारखा काळा पट्टा घेऊन. जमलं तर नोव्हेंबरच्या शेवटी जा, पानं पिवळी झाली की ते काळं लाकूड लांबूनही दिसतं.