तळ्यासकट जमीन घ्यावी का?

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, सोबतचे फोटो मात्र कितीतरी वेळा पाहिले. प्रश्न असा आहे: खासगी नोकरीतून निवृत्त होताना मिळालेल्या 42 लाखांतले 18 लाख घालून संगमेश्वर तालुक्यातली पाच एकर जमीन घ्यायची का. आधीच्या मालकाने तिथे पऱ्यावर, म्हणजे डोंगरातून येणाऱ्या ओढ्यावर, मातीचा बांध घालून एकरभर तळं केलंय. होडी आहे, सुट्टीत नातवंडं येतील, पुढे दोन खोल्या काढून पाहुणे ठेवता येतील. विक्रेत्याला अक्षय्य तृतीयेला बयाणा हवाय.

बयाणा देऊ नका. निदान हा पावसाळा जाईपर्यंत तरी नाही.

आधी पैशाचं बघू. घरखर्च महिना 38,000, वहिनींची पेन्शन 24,000. तूट 14,000 ची. उरलेल्या 24 लाखांवर 7 टक्के व्याज धरलं तर वर्षाला 1,68,000, म्हणजे महिन्याला बरोबर 14,000. तूट भरली, पण हाती काहीच उरलं नाही. महागाईला नाही, आजारपणाला नाही आणि बांधाला तर नाहीच. बांधाच्या कामाचा खरा आकडा इंजिनियर सांगेल, पण हिशेबापुरते पाच लाख धरले तरी ते मुद्दलातूनच जाणार आणि महिन्याचे जवळपास 3,000 कायमचे कमी होणार.

विक्रेता म्हणतो, बांध 22 वर्षांचा आहे, कधी काही झालं नाही. मला फोटोत दिसतंय ते वेगळं आहे. भरावावर काजूची मोठी झाडं आहेत. झाड मेलं की मुळं कुजतात आणि त्या जागी आतून पोकळ वाटा राहतात. खेकडे आणि उंदीर त्यात भर घालतात. माथा मधोमध बसल्यासारखा दिसतो, म्हणजे पाणी चढलं तर पहिल्यांदा तिथूनच उलटणार. आणि एप्रिलमधल्या फोटोत पायथ्याशी हिरवंगार गवत आहे. आजूबाजूचं सगळं वाळलेलं असताना तेवढाच पट्टा हिरवा कशाने राहिला?

काही वर्षांपूर्वी एका अशिलाबरोबर दापोलीकडे असाच बांध बघायला गेलो होतो, जुलैत. पायथ्याशी बोटभर धार लागली होती. सोबत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनियर होते. त्यांनी ते पाणी रिकाम्या बाटलीत धरलं आणि बाटली गाडीच्या बॉनेटवर ठेवली. आम्ही चहा घेऊन परत येईपर्यंत तळाशी तांबड्या मातीचा थर बसला होता. मातीच्या बांधातून थोडं पाणी पाझरतंच, ते नितळ असेल तर चालतं. गढूळ आलं तर बांध आतून पोखरतोय. तो व्यवहार आम्ही तिथेच थांबवला.

त्याहून मोठी काळजी सांडव्याची. तुम्ही लिहिलंय की वरचा साधारण साठ एकर डोंगर या तळ्यात उतरतो आणि जादा पाणी जायला दोन फुटी सिमेंट पाइप आहे. कोकणात तासाला 60 मिलिमीटर पाऊस काही नवलाचा नाही. त्यातला 70 टक्के वाहून आला तरी सेकंदाला 2,800 लिटर पाणी येतं. असा पाइप फार तर 700-800 लिटर सोडेल, तोही पाचोळ्याने तुंबला नाही तर. एकरभर तळं, सरासरी अडीच मीटर खोल, म्हणजे एक कोटी लिटर पाणी, दहा हजार लिटरचे हजार टँकर. तेवढंच पाणी अशा पावसात तासाभरात वरून येतं. माथ्यावरून पाणी गेलं की मातीचा बांध कापत जायला वेळ लागत नाही.

आणि पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की बांधाखाली पऱ्याच्या कडेला अकरा घरांची वाडी आहे. मी तिथेच अडकलो. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. ते तर सरकारी धरण होतं. तुमच्या सहा मीटर उंचीच्या बांधाला 2021 चा धरण सुरक्षा कायदा लागूच होत नाही. तो 15 मीटरच्या पुढच्या आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही धरणांसाठी आहे. तेव्हा त्या कायद्याखाली कुणी तपासणीला येणार नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर बांध बघायचा तो तुम्हीच.

जबाबदारीही तुमचीच. 1860 मध्ये इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाच्या तलावाचं पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं. मालकाचा स्वतःचा निष्काळजीपणा नव्हता, तरी 1868 च्या निकालात भरपाई त्याच्यावरच आली. ते तत्त्व आपल्या न्यायालयांनाही परिचयाचं आहे. 1874 मध्ये मद्रासकडच्या एका जमीनदाराला अशा भरपाईतून सूट मिळाली खरी, पण त्याची तळी शेतीसाठी पूर्वापार राखलेली होती. तुमचं तळं हौसेचं. घराच्या विम्यात हे धोके येतात असं गृहीत धरू नका, विमा कंपनीकडून लेखी घ्या.

तरीही जमीन हवीच असेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये मातीच्या धरणाचं काम केलेला इंजिनियर घेऊन जा. बाटली न्या. पऱ्यावर बांध घालायला परवानगी घेतली होती का, तो कागद मागा, कारण वाहता पऱ्या साधारणपणे सरकारचा असतो. अहवाल बरा आला तर रुंद दगडी सांडव्याचा आणि दुरुस्तीचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करून घ्या. अहवाल वाईट आला तर माझी पसंती दुसऱ्या वाटेला आहे: विक्रेत्याने पावसाळ्यानंतर तळं हळूहळू उतरवावं, एकदम रिकामं केलं तर आतला उतार ढासळतो. मग बांध कापून पऱ्या मोकळा करावा, तुम्ही नुसती जमीन घ्यावी. पोहायला नातवंडांना विहीर पुरेल. दोन्ही अटी साठेखतात लिहायच्या, तोंडी नाही. आणि किंमत 12 लाखांच्या वर जाणार असेल तर तुमच्या हिशेबात ती बसत नाही.

विक्रेता तोवर थांबायला तयार नसेल तर सोडून द्या. तो तळं यंदा भरूच देणार असेल, तर घ्या किंवा न घ्या, त्या अकरा घरांतल्या कुणाशी तरी पावसाआधी बोला आणि पायथ्याच्या हिरव्या पट्ट्याचा फोटो त्यांना दाखवा.