चालती व्हीएम आणि दिमतीचं कार्ड

एका तांत्रिक पुस्तिकेचा अनुवाद करणाऱ्या वाचकाने विचारलं आहे : 'लाइव्ह मायग्रेशन ऑफ व्हर्च्युअल मशीन्स विथ डायरेक्टली असाइन्ड डिव्हाइसेस' या मथळ्याचं मी 'थेट नियुक्त उपकरणांसह आभासी यंत्रांचे जिवंत स्थलांतर' असं केलं आहे, चालेल का? शिवाय 'डर्टी पेज'ला 'घाणेरडे पान' लिहायचं जिवावर येतंय.

'जिवंत'पासून सुरुवात करू. जिवंत काडतूस म्हणजे न उडालेलं, जिवंत तार म्हणजे वीज खेळणारी, जिवंत झरा म्हणजे न आटलेला. तिन्हीकडे विशेषण आपल्या नामालाच लागतं. 'जिवंत स्थलांतर'मध्ये मात्र स्थलांतर जिवंत नसतं, हलणारी व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या संगणकात सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक) चालू असते. यावर कुणी 'जिवंत समाधी' पुढे करेल, आणि व्याकरणाच्या दृष्टीने तो मुद्दा बिनतोड आहे. पण समाधी घेणारा दुसरीकडे उठून कामाला लागत नाही. व्हीएमने नेमकं तेच करायचं असतं, तेही वापरणाऱ्याला पत्ता न लागता. 2005 साली केंब्रिजच्या मंडळींनी झेन या हायपरवायझरवर (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालणारा क्वेक 3 या खेळाचा सर्व्हर खेळाडू खेळत असतानाच एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेला होता. मध्ये पडलेला खंड जेमतेम 60 मिलिसेकंदांचा.

मग 'थेट'? 'थेट प्रक्षेपण' रुळलेलं आहे, त्यामुळे 'थेट स्थलांतर' सुचतंच. पण 'थेट'चा मूळ रोख वेळेवर नाही, वाटेवर आहे : थेट गाडी, थेट भेट, मध्ये कुणी नाही. आणि तुमच्या मथळ्यात तो शब्द 'डायरेक्टली'ने आधीच अडवून ठेवलाय. एका ओळीत दोन 'थेट', दोघांचे अर्थ वेगळे, म्हणजे वाचणाऱ्याची कसोटीच.

माझं मत 'चालत्या'ला. आपण चालतं दुकान विकायला काढतो, चालत्या गाडीतून उतरू नका म्हणतो. 'चालू'ही चाललं असतं, पण 'चालू व्हीएम' म्हटलं की ती जरा लबाड वाटते. 'स्थलांतर' मथळ्यात ठीक आहे. 'बदली' नको, कारण बदली खेळाडूसारखा तिथे 'एकीच्या जागी दुसरी' असा अर्थ डोकावतो. रात्रपाळीतला माझा एक मित्र फोनवर सहकाऱ्याला सांगत होता, 'कार्ड काढलं, आता हलवतो... गेली बघ.' त्याच्या तोंडी स्थलांतरही नव्हतं आणि मायग्रेशनही. नुसतं 'हलवणे'. पुस्तिकेच्या आतल्या मजकुरात तेच वापरा.

आता 'नियुक्त'. नियुक्ती माणसांची होते. नेटवर्क कार्ड किंवा जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) हायपरवायझरला बाजूला ठेवून एकाच व्हीएमच्या ताब्यात देतात, त्यासाठी आपल्याकडे रुळलेला शब्द आहे : दिमतीला देणे. साहेबांच्या दिमतीला गाडी, तसं व्हीएमच्या दिमतीला कार्ड. हा शब्द मला केवळ गोड वाटतो म्हणून सुचवत नाही, त्यात अडचणही आपोआप येते. साहेबांची बदली झाली तरी दिमतीची गाडी जुन्या जिल्ह्यातच राहते.

आणि इथेच तुमच्या मथळ्यातला खरा घोटाळा सापडतो. तो 'जिवंत'मध्ये नाही, 'उपकरणांसह'मधल्या 'सह'मध्ये आहे. उपकरण कुठेच जात नाही! ते इकडच्या सर्व्हरच्या खाचेत स्क्रूने आवळलेलं असतं. पूर्वीचा रिवाज असा : हलवण्याआधी कार्ड व्हीएमपासून सोडवायचं, तेवढ्यापुरतं व्हर्टआयओच्या आभासी, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या कार्डावर काम भागवायचं, पलीकडे पोचल्यावर तिथलं कार्ड जोडायचं. साहेबांनी मधला प्रवास एसटीने करावा तसं. 2018 मध्ये लिनक्स 4.18 ने ही अदलाबदल सांभाळणारा नेट-फेलओव्हर ड्रायव्हर (ड्रायव्हर म्हणजे इथे उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) घेतला, तो याच सोयीसाठी. 2022 च्या लिनक्स 5.18 मध्ये व्हीएफआयओची (उपकरण व्हीएमच्या दिमतीला देणाऱ्या लिनक्समधल्या भागाची) नवी पद्धत आली. तिच्यात कार्डालाच थांबवून विचारतात, तुझ्या पोटात काय आहे ते दे. रजिस्टरं, रांगा, अर्ध्यावर राहिलेली कामं असं सगळं गाठोडं बांधून पलीकडच्या तशाच कार्डात उतरवतात. गाडी जात नाही. आरशांचे कोन, सीटची उंची आणि अर्धी राहिलेली फेरी तेवढी जाते. हे जमण्यासाठी कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर दोघांनाही ही विद्या यावी लागते. सगळ्यांना येत नाही.

इंग्रजी 'विथ' इथे 'असलेल्या' अर्थाने आहे, 'सोबत घेऊन' या अर्थाने नाही. तेव्हा मथळा असा करा : 'दिमतीला उपकरणे असलेल्या चालत्या व्हीएमचे स्थलांतर'. 'आभासी यंत्र' हवं असेल तर ठेवा, मला ते वाचताना दर वेळी मृगजळ आठवतं.

राहिलं घाणेरडं पान. व्हीएम चालू असताना तिची मेमरी पानापानाने (पान म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) पलीकडे पाठवतात. पाठवून झालेल्या पानावर व्हीएमने पुन्हा काही लिहिलं की ती नक्कल शिळी होते आणि पान पुढच्या फेरीत परत पाठवावं लागतं. अशी पानं थोडीच उरली की व्हीएम क्षणभर थांबवून शेवटचा हप्ता नेतात. म्हणजे 'डर्टी'चा अर्थ मळलेलं नाही, हात लागलेलं. पंगतीत बसलेल्या कुठल्याही मराठी माणसाला याचा शब्द ठाऊक आहे : उष्टं पान. प्रोसेसरने उष्टावलेली पानं हायपरवायझरला कळतात. दिमतीचं कार्ड मात्र मधल्या कुणाला न विचारता मेमरीत लिहितं, त्यामुळे त्याने कुठलं पान उष्टावलं हे कळायला कार्डाची किंवा आयओएमएमयूची (उपकरणांच्या मेमरी-वापरावर देखरेख करणाऱ्या हार्डवेअरची) वेगळी मदत लागते. पुस्तिकेत अर्थातच 'बदललेले पान' लिहा, संपादक उष्ट्याला हात लावणार नाहीत.