बरोबरी कुणी केली?

“हरले असते तरी चाललं असतं. पण त्याच्याशी ड्रॉ?” चौदा वर्षांची ती मुलगी समोर बसून रडत होती. प्रतिस्पर्ध्याचं बुद्धिबळातलं रेटिंग, म्हणजे ताकद दाखवणारा आकडा, तिच्याहून दोनशेनं कमी होतं. त्या डावानंतर तिने पटाला हात लावला नव्हता. “आमचं मूल एवढं का कोसळतं?” ही तिच्या वडिलांची काळजी बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांचे बरेच पालक माझ्याकडे घेऊन येतात. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

आधी हिशेब मांडला. रेटिंग मोजण्याच्या इलो पद्धतीत दोनशेचा फरक असला तर वरच्या खेळाडूकडून शंभर डावांत सुमारे 76 गुणांची अपेक्षा असते (विजयाला एक, बरोबरीला अर्धा). उरलेले 24 खालच्याचेच. म्हणजे अशा बरोबऱ्या त्यात आधीच धरलेल्या असतात. अठरा वर्षांखालच्या, 2300च्या आतल्या खेळाडूचे अशा ड्रॉमध्ये रेटिंगचे साधारण 10 गुण जातात. हे ऐकून वडील सैलावले. ती नाही. “मी अर्धा गुण फुकट दिला,” एवढंच म्हणत राहिली.

मला हा ‘दिला’ शब्द खटकला. मी तिला तोच डाव काळ्याच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने, प्रत्येक खेळीमागचा विचार लिहून, मांडायला सांगितला. पुढच्या भेटीत तिने वही उघडली. शेवटी तिच्याकडे उंट आणि दोन प्यादी होती, त्याच्याकडे एकच घोडा. त्याने तो घोडा देऊन मधलं प्यादं मारलं. तेव्हा तिला तो घाबरून केलेला घोटाळा वाटला होता. पण उरलेलं प्यादं अगदी कडेचं होतं. ते जिथे वजीर होणार ते घर काळं, आणि तिचा उंट पांढऱ्या घरांचा, त्या घरावर मारा न करू शकणारा. त्याचा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला. तिथून त्याला हुसकावता येत नाही. फार रेटलं तर शह नसताना त्याची खेळीच संपते आणि डाव बरोबरीत सुटतो.

त्या खेळीपुढे तिने लिहिलं होतं : “त्याला हे माहीत होतं.”

त्या दिवशी ती रडली नाही. घोडा देता येऊ नये म्हणून आधी काय खेळायला हवं होतं, तेच मला समजावत बसली.

वडिलांशी मी वेगळं बोलले. डाव संपला की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, “समोरचा कितीचा होता?” तो विचारू नका, एवढंच सांगितलं. पुढच्या स्पर्धेत त्यांनी विचारलं, “डाव दाखवतेस?” तिला दाखवायला पाऊण तास लागला.