वजनकाटा न वापरता, नुसत्या टेपने मापं घेऊन वजन टिकवता येतं का?

येतं. मी सहा वर्षं तेच करते आहे.

तुम्ही लिहिलंय की १२ किलो उतरवून झालेत, आता रोज सकाळी काट्यावर उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि घरचे म्हणतात, काटा सोडलास तर सगळं परत चढेल. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. माझ्या थोरल्या बहिणीच्या तोंडून मी ते इतक्या वेळा ऐकलंय!

मी शिवणकाम करते, बावीस वर्षं झाली. दुसऱ्यांची मापं घेणं हाच माझा रोजचा धंदा, त्यामुळे टेपबद्दल माझं मत ठाम आहे.

सात वर्षांपूर्वी माझं वजन ७४ होतं, ते वर्षभरात ६० वर आणलं. वजन कमी करण्याच्या एका वर्गाला जायचे, ताईनेच नाव घातलं होतं. दर सोमवारी सगळ्यांसमोर काट्यावर उभं राहायचं आणि आकडा मोठ्याने वाचला जायचा. वजन उतरत होतं तोवर मला त्याचं काही वाटलं नाही. मग टिकवायचे दिवस आले आणि एका सोमवारी काटा १ किलो ९०० ग्रॅमने वर गेला. वर्ग घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "तोंडावर ताबा नसला की असंच होतं." मी त्या आठवड्यात काहीही वेगळं खाल्लं नव्हतं. पाळी दोन दिवसांवर आली होती, एवढंच. पुढच्या सोमवारी काटा दोन किलो खाली आला आणि टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या मला आदल्या बोलण्यापेक्षा जास्त लागल्या. दोन्ही आठवडे मी सारखीच वागले होते, मग एका आठवड्यात गुन्हेगार आणि दुसऱ्यात शहाणी कशी झाले?

ते पाणी होतं. पाळीच्या आधी अंगात पाणी धरतं, खारट जास्त खाल्लं की धरतं. स्नायूंत आणि यकृतात जे ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेली साखर, साठतं, त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. किलो-दीड किलोचा फरक एका दिवसात सहज पडतो. दोन किलो चरबी वाढायला मात्र गरजेपेक्षा जवळजवळ १५,००० कॅलरी जास्त खाव्या लागतात. एवढं आठवड्याभरात कोण खातं?

वर्ग सोडला तो त्याच महिन्यात. ताई रागावली. "आकडा खोटं बोलत नाही," म्हणाली. बरोबर आहे, खोटं बोलत नाही. पण हाडं, पाणी, स्नायू, चरबी, पोटातलं अन्न या सगळ्याची तो एकच बेरीज सांगतो. वजन उतरवताना बेरजेवर भागतं. टिकवताना त्यात काय किती आहे ते कळायला हवं.

हे मला पक्कं कळलं ते पाय मोडला तेव्हा. डावा घोटा फ्रॅक्चर झाला आणि सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघाल्यावर ताईकडेच राहिले होते, तिने लगेच काट्यावर उभं केलं. आधी ६०.२ होतं, आता ५९.४. तिला इतका आनंद झाला! "बघ, पडून राहूनसुद्धा वाढलं नाही." मला मात्र घरातली सैल पँटसुद्धा पोटावर काचत होती. संध्याकाळी टेप काढली. कंबर ७७ सेंटीमीटरची साडेएकोणऐंशी झाली होती. उजवी मांडी ५०, डावी साडेसत्तेचाळीस. प्लास्टरच्या आधी दोन्ही ५१ होत्या. मी स्वतःसाठी कपडा बेतताना माझंही माप मापवहीत लिहिते, म्हणून आकडे होते. डाव्या मांडीवर टेप गुंडाळली तेव्हा ती बोटाखाली मऊ लागली, उजवीसारखी भरीव नाही. म्हणजे सहा आठवड्यांत पायातला स्नायू गेला होता, पोटावर चरबी आली होती, आणि काटा मला शाबासकी देत होता.

पुढे सहा महिने फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम केले, जिने चढले, वजनं उचलली. डावी मांडी साडेपन्नासवर आली, कंबर परत ७७. वजन ६१.८ झालं. ताई म्हणाली, "वाढलं की!" त्यावरून आमचं जे भांडण झालं ते आजही संपलेलं नाही. हे तिच्यासाठीही लिहिते आहे.

एकाच वजनाची दोन शरीरं सारखी नसतात, हे काही माझं एकटीचं म्हणणं नाही. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एक, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्याने आणि उंचीने दोघांना एकाच रांगेत उभं केलं असतं.

आता तुमचा प्रश्न. कंबर आणि मांडी, ही दोन मापं पुरेत. कंबर चरबीसाठी, मांडी स्नायूसाठी. दंड, मान, मनगट मोजत बसू नका, त्यातून टिकवण्यासाठी काही कळत नाही. सीटचं, म्हणजे नितंबांचं, माप हवं तर घ्या, मी घेत नाही.

कंबर म्हणजे पँट बांधता ती जागा नव्हे. लोक इथेच चुकतात. माझ्याकडे पंधरा-पंधरा वर्षं "कंबर ३४ च" सांगणारी माणसं येतात आणि त्यांची पँट खरंच ३४ चीच असते. पोट पुढे येतं तसा पट्टा पोटाखाली सरकतो, आणि माप तेच राहतं. सगळ्यात खालची बरगडी बोटांनी चाचपा, मग कुशीवरचं कमरेचं हाड, आणि दोन्हींच्या मधोमध टेप लावा. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धतही हीच आहे. पाय जुळवून उभे राहा, श्वास सहज सोडा आणि सोडून झाल्यावर वाचा. पोट आत ओढायचं नाही. टेप मागून वर चढलेली नाही ना, ते आरशात बघा. अंगाला लागेल पण मांसात रुतणार नाही इतपतच ताणा. कपड्याचं माप घेताना आम्ही टेपखाली बोटं घालतो, ती इथे घालू नका. दोनदा मोजा, एक सेंटीमीटरच्या आत फरक असेल तर सरासरी लिहा, जास्त असेल तर परत मोजा.

मांडीला खूण लागते. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटीमीटर वर पेनने ठिपका द्या, दर वेळी तिथेच. दोन्ही पायांची वेगवेगळी लिहा.

आणि टेप तपासा! मी कामात एक टेप तीन वर्षं वापरली आणि एकदा स्टीलच्या पट्टीला लावून पाहिली, तर १५० सेंटीमीटरला दीड सेंटीमीटर लांबली होती. लांबलेली टेप माप कमी दाखवते. म्हणजे ८० च्या कमरेला जवळजवळ पाऊण सेंटीमीटर कमी, आणि आपण खूश. फायबरग्लासची घ्या, ती ताणत नाही. कामात मी इंच आणि सूत मोजते, पण स्वतःसाठी सेंटीमीटरची बाजू वापरते, कारण महिन्याचा फरक सुतात नीट लिहिता येत नाही.

महिन्यातून दोनदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी. पाळी येत असेल तर ती संपल्यानंतरच्या आठवड्यात घेतलेलंच माप धरा. एका सेंटीमीटरच्या आतला फरक सोडून द्या, तो हाताचा असतो. लागोपाठ दोनदा दोन सेंटीमीटर वर दिसली कंबर, तर खाण्याकडे बघा. मांडी उतरत असेल तर व्यायामाकडे. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत ठेवा, ही सोपी कसोटी मी पाळते. माझी उंची १५६, म्हणजे हद्द ७८.

ताई एक गोष्ट नेहमी पुढे करते, ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. अमेरिकेत १९९४ पासून एक नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री आहे. साडेतेरा किलोच्या वर वजन उतरवून निदान वर्षभर टिकवलेल्या लोकांची त्यात नोंद होते. त्यातले सुमारे ७५ टक्के लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. खरं आहे. ज्यांना काटा मानवतो त्यांनी खुशाल वापरावा. पण त्यांच्या उपयोगी पडतं ते नियमित आणि ठरावीक वेळी बघणं, आणि ते टेपनेही होतं.

आणखी एक, हे खरं तर वरच लिहायला हवं होतं. हृदय कमजोर असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल आणि डॉक्टरांनी रोज वजन करायला सांगितलं असेल, तर माझं काहीही ऐकू नका. त्यांना ते पाणीच मोजायचं असतं. प्रयत्न न करता कपडे सैल व्हायला लागले तरी आधी डॉक्टरांकडे जा. आणि दिवसातून तीनदा टेप हातात घ्यावीशी वाटायला लागली तर तीही महिनाभर ठेवून द्या आणि कुणाशी तरी बोला. भीती काट्यावरून टेपवर आली तर काय उपयोग?

ताई हे वाचणार आहे. ताई, आठ वर्षं तुझं वजन ५८ आहे, हे तू सगळ्यांना सांगतेस. पण दोन वर्षं तू जिना टाळतेस, आणि खुर्चीतून उठताना हात टेकतेस. पुढच्या महिन्यात येईन तेव्हा मी काट्यावर उभी राहणार नाही. टेप आणते, तुझी मांडी मोजू आणि तारीख घालून लिहून ठेवू.