भंगलेल्या देवाला नमस्कार

प्रिय मनू,

परवा जेवताना तू विचारलंस आणि मी पानात आणखी भात वाढून घेतला. भूक नव्हती. हे तुझ्या आईला कळलं, तुलाही कळलंच असणार.

तुझा प्रश्न मी विसरू नये म्हणून इथे लिहून ठेवतो. "बाबा, मुंबईच्या म्युझियममध्ये तू त्या तुटलेल्या मूर्तीला नमस्कार केलास. आजी तर म्हणते तुटलेला देव घरात ठेवायचा नसतो. मग तो देव आहे का नाही? आणि तू खरंच केलास, का आजी बघत होती म्हणून?"

शेवटचं वाक्य लागलं. कारण आजी बघत नव्हती. तिचे गुडघे बोलायला लागले होते म्हणून ती केव्हाच बाकावर जाऊन बसली होती, चपला काढून, फरशीवर पाय टेकून. तिथला रखवालदार तिला सांगत होता, "आजी, चपला घाला, फरशी गार आहे," आणि ती त्याला त्याचं गाव विचारत होती. माझ्याकडे फक्त तू बघत होतीस.

प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली ती मूर्ती महिषासुरमर्दिनीची, घारापुरीहून आणलेली, सहाव्या शतकातली. तू पुढे गेलीस, पुढल्या दालनातल्या भरलेल्या पक्ष्यांकडे जायची तुला घाई होती. (मुलांसाठी तिथे वेगळं संग्रहालय केलंय, तर ते तुला लहान मुलांचं वाटलं. बाराव्या वर्षी सगळंच लहान मुलांचं वाटतं.) मी दोन मिनिटं थांबलो आणि हात आपोआप छातीशी गेले. 'आपोआप' हा शब्द वकिलासारखा झाला, ठाऊक आहे. पण दुसरा सापडत नाही.

आता थोडं मागचं सांगतो. कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाळ, पण आजोबांचा मात्र वाच.

मी सात वर्षांचा होतो तेव्हा मुंबईत गिरण्यांचा संप झाला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो कधी संपला ते कुणी सांगू शकत नाही, कारण रीतसर संपलाच नाही. आजोबा साच्यावर होते, म्हणजे लूमवर. अचानक ते दिवसभर घरी. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत घरी बसलेला बाप किती मोठा दिसतो, ते तुला इथल्या बॉस्टनच्या घरात कळायचं नाही. आजी खानावळीच्या पोळ्या लाटायची. तिला जागा हवी आणि आम्हाला वारा, म्हणून आजोबा मला आणि शुभाआत्याला घेऊन चालत राणीच्या बागेत जायचे. बसचे पैसे वाचायचे, बागेत प्राणी, आणि शेजारी अजबखाना. म्हणजे तेच भाऊ दाजी लाड म्युझियम, जे तू एवढं चकचकीत बघितलंस. तेव्हा तिथे धूळ होती, अर्धे दिवे बंद असायचे, आणि आम्हाला ते जगातलं सगळ्यात श्रीमंत घर वाटायचं.

एकदा आम्ही चालत गेलो तर फाटक बंद. बुधवार होता. बाग बुधवारी बंद असते हे लालबागच्या शेंबड्या पोरालाही माहीत. आजोबा फाटकाशी उभे राहिले आणि म्हणाले, "आज बुधवार आहे होय?" गिरणीचा भोंगा बंद झाल्यावर त्यांचे वार हरवले होते. आम्हाला हसू आलं. आत्या अजून ही गोष्ट हसत सांगते. मला आता नाही हसता येत.

अजबखान्यात मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत, जुन्या मुंबईतल्या नाना जातींच्या, नाना धंद्यांच्या माणसांच्या. आजोबा दर वेळी त्या कपाटापुढे उभे राहून शोधायचे. "गिरणीवाला नाही केला कुणी," म्हणायचे. देवाधर्माचं त्यांना काही नव्हतं, ते लाल बावट्याचे. सत्यनारायणाच्या पूजेला गॅलरीत जाऊन बिडी ओढायचे आणि प्रसादाला बरोबर आत यायचे.

आजी याच्या उलट. ती कधी आमच्याबरोबर आली की सगळ्यांना हात जोडायची. आत राणीच्या नवऱ्याचा, प्रिन्स अल्बर्टचा, पांढराशुभ्र संगमरवरी पुतळा आहे, त्यालाही तिने जोडले होते. आत्या म्हणाली, आई, तो साहेब आहे. आजी म्हणाली, "असू दे. कुणाचा तरी बाप असेल. हात जोडायला काय पैसे पडतात?" आणि बाहेरचा दगडी हत्ती तर तिचा खास. त्याच्या पायाला हात लावायचा, तो हात छातीला लावायचा, मग आमच्या डोक्यावरून फिरवायचा.

त्या हत्तीचं तुला मी तिथे सांगायला लागलो होतो, पण तुला पेंग्विन बघायचे होते. (बॉस्टनच्या मत्स्यालयात वर्षातून चार वेळा पेंग्विन बघणारी मुलगी भायखळ्याला जाऊनही पेंग्विनच बघते. असो.) तो हत्ती मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीज बेटावर उतरले, त्यांना हा दिसला, म्हणून त्यांनी बेटाचं नाव एलेफंटा ठेवलं. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायचा म्हणून उचलायला गेले तर पडून त्याचे तुकडे झाले. तुकडे मुंबईला आणले, आणि १९१४ साली कुणीतरी चिकाटीने ते जोडून तो उभा केला. नीट बघितलंस तर सांधे दिसतात. आजीला हे माहीत नव्हतं. मी मोठा झाल्यावर शहाणपणाने सांगितलं: आई, तू ज्याला नमस्कार करतेस तो मोडलेला आहे, तुझ्याच नियमात बसत नाही. ती म्हणाली, "मग जोडलाय ना कुणीतरी?"

तर तुझा प्रश्न. तुटलेला देव घरात ठेवत नाहीत हे खरं. का, ते मला विचारू नकोस, मला शास्त्र येत नाही, आणि रविवारच्या मराठी शाळेत सांगतात तशी त्यामागची 'वैज्ञानिक कारणं' मला सांगवतही नाहीत. मला एवढंच माहीत आहे की आमच्याकडे तुटलेले देव समुद्रात जात.

त्याच संपाच्या वर्षी मी खोलीत चेंडू खेळताना देव्हाऱ्यातला विठोबा पाडला. वीतभर, काळ्या दगडाचा, आजीच्या आईने पंढरपूरहून आणलेला. कमरेवरचा एक हात उडाला. आजी ओरडली नाही, ते जास्त वाईट होतं. तिने तो आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि आजोबांना म्हणाली, दादरला सोडून या. मला वाटलं आजोबा टिंगल करतील. ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी आम्ही बसने गेलो, चालत नाही. विठोबा त्यांनी मांडीवर घेतला होता.

दादर चौपाटीला ओहोटी होती. आजोबांनी चपला काढून माझ्या हातात दिल्या, लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि आत गेले. माणसं तिथून निर्माल्य भिरकावतात. त्यांनी भिरकावलं नाही. वाकले, बराच वेळ वाकून राहिले, आणि हात रिकामे घेऊन परत आले. नमस्कार केला नाही, हे मी नक्की सांगतो, मी लक्ष ठेवून होतो. चपला काढल्या त्या पाण्यात जायचं म्हणून की आणखी कशासाठी, ते मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायला हवं होतं. तू विचारतेस तसं मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात असं विचारत नसत, आणि मग ते वारले.

कॉलेजात गेल्यावर मी हात जोडणं सोडलं. आजोबांचा मुलगा ना मी. गणपतीत आरतीला दारात उभा राहायचो, खिशात हात घालून. आजीने एकदाच विचारलं, "हात दुखतात का रे?" वीसेक वर्षं तसा होतो. इकडे बॉस्टनला आल्यावर हळूहळू पुन्हा सुरू झालं, आणि त्यातलं किती खरं, किती घरच्या आठवणीचं आणि किती इथल्या मराठी लोकांत बरं दिसावं म्हणून, याचा हिशेब मला लागत नाही. म्हणजे तुझी शंका अगदीच चुकीची नाही. फक्त त्या दिवसापुरती चुकीची आहे, असं मला वाटतं. वाटतं.

पण मलाही तुला दोन गोष्टी आठवून द्यायच्या आहेत. भांडण म्हणून नाही.

इथल्या चिल्ड्रन्स म्युझियममध्ये क्योतोहून आणलेलं जपानी घर आहे. तू चार वर्षांची असल्यापासून तिथे जातेस. आत जाताना बूट काढायचे असतात. तू कधीच का म्हणून विचारलं नाहीस. उलट एकदा मी मोजे नीट ओढत बसलो होतो तर मलाच दटावलंस. दुसरी, मागच्या वर्षी फाइन आर्ट्सच्या म्युझियममध्ये आपण त्या अंधाऱ्या खोलीत गेलो होतो, जिथे जपानी बुद्धमूर्ती देवळात असाव्यात तशा मांडल्या आहेत. ती खोली १९०९ पासून आहे. तू बाहेर मोठमोठ्याने तुझ्या मैत्रिणीच्या वाढदिवसाचं सांगत होतीस. उंबऱ्यातून आत गेलीस आणि कुजबुजायला लागलीस. 'आवाज करू नका' अशी पाटी नव्हती. मी काही म्हटलं नाही. तू कुणासाठी आवाज खाली आणलास?

हे लिहिल्यावर वाटलं, मी तुला कोंडीत पकडतोय. बापांना जिंकायची खोड असते. वरचं वाक्य खोडणार होतो, पण राहू दे.

मुंबईच्या त्या मोठ्या म्युझियमची तुला न सांगितलेली एक गोष्ट. आजी अजून त्याला प्रिन्स ऑफ वेल्सच म्हणते, नाव १९९८ साली बदललं तरी. पायाचा दगड १९०५ ला बसला, इमारत १९१४ च्या सुमाराला उभी राहिली आणि नेमकं महायुद्ध लागलं. मग तिथे लष्करी इस्पितळ केलं. म्युझियम म्हणून लोकांना उघडलं ते १९२२ च्या जानेवारीत. म्हणजे त्या घुमटाखाली मोडलेली माणसं आधी आली, मोडलेल्या मूर्ती मागाहून. त्या देवीपुढे उभा असताना माझ्या डोक्यात हेच होतं. देवी नव्हती. दादरची ओहोटी होती, आणि पाठमोरे आजोबा. घारापुरीच्या माणसांनी हिला समुद्रात का सोडली नसेल, चारी बाजूंनी समुद्र होता की, असा काहीतरी वेडगळ विचार चालला होता. आणि हात जोडले गेले. त्याला देव मानणं म्हणतात का, ते तू मोठी झालीस की मला सांग.

तू हात जोडावेस असं मी म्हणत नाही. आजी म्हणेल, तिला म्हणू दे, तिने प्रिन्स अल्बर्टलाही जोडले होते. तुला नकोच असेल तर खिशात घाल, मला चालेल. आजीला दुखतात का विचारायची सवय आहे, उत्तर तयार ठेव.

डिसेंबरात पुन्हा जाऊ तेव्हा घारापुरीला जायचं ठरवलंय. गेटवेहून लाँचने तासभर लागतो. सोमवार सोडून जायचं, लेणी बंद असतात. बुधवारचा धडा मी विसरलेलो नाही. धक्क्यापासून छोटी आगगाडी आहे, ती तुला मुलांची वाटेल, पण मी बसणार आहे. मग शंभरावर पायऱ्या, म्हणून आजी येणार नाही. पायऱ्यांवर माकडं असतात, हातात वेफर्सचं पाकीट धरायचं नाही.

आणि एक अडचण आहे, त्यात तुझं मत हवं. काल आजीचा फोन आला होता. सहा वर्षांची असताना मंडळाच्या शिबिरात तू शाडूचा गणपती केला होतास, कानापेक्षा सोंड जाड झालेला, जो आपण कपड्यांत गुंडाळून तिला नेऊन दिला. तिने तो विसर्जन न करता शोकेसमध्ये ठेवला होता. त्याच्या सोंडेला तडा गेलाय. घरात ठेवता येत नाही, आणि तुझ्या हातचा, म्हणून तिला टाकवत नाही. तिने तो लुगड्यात बांधून ठेवलाय आणि म्हणते, लाँचमधून जाणारच आहात तर घेऊन जा. तू मागे तिला समुद्रात काही टाकायचं नाही म्हणून ऐकवलं होतंस, ते तिच्या लक्षात आहे. शाडू आहे, विरघळेल, असं तिचं म्हणणं. डिंकाने सोंड चिकटवता येईल, असं मी म्हटलं तर ती गप्प बसली.

मी तिला हो म्हटलेलं नाही. मनूला विचारून सांगतो म्हटलंय.

तुझा,
बाबा