कॉफी हाताने करताना: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात: "सगळं व्हिडिओत दाखवलं तसं केलं, तरी कॉफी जमत नाही." मी पुण्यात कॉफी भाजतो आणि शिकवतो. समोर बसून चव घेतल्याशिवाय नेमकं निदान करता येत नाही, हे आधीच सांगतो. तरीही बऱ्याच जणांची गाडी ज्या ठिकाणी अडते, त्याबद्दल इथे लिहितो.

प्रश्न : कागदी फिल्टरमधून गाळलेली कॉफी एक दिवस आंबट लागते, एक दिवस कडू. प्रमाण रोज तेच असतं, तीन चमचे. (ठाणे)

प्रमाण रोज तेच नसतं, चमचे तेवढे तेच असतात. गडद भाजलेला दाणा फुगून हलका होतो, फिका भाजलेला जड राहतो. एकाच चमच्यात दोघांचं वजन वेगवेगळं भरतं. स्वयंपाकघरात ग्रॅम दाखवणारा साधा काटा असेल तर तो घ्या. १५ ग्रॅम कॉफीला २४० ग्रॅम पाणी, इथून सुरुवात करा. आधी ३० ग्रॅम पाणी ओतून पूड भिजवा, अर्धा-पाऊण मिनिट थांबा आणि उरलेलं पाणी दोन-तीन वेळा मिळून ओता. सगळं मिळून तीन मिनिटांच्या आसपास खाली उतरायला हवं. दोन मिनिटांच्या आत उतरलं आणि आंबट लागलं तर दळण थोडं बारीक करा. चार मिनिटं रेंगाळलं आणि कडू-तुरट झालं तर जाडसर करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दळण, पाणी आणि वजन एकाच दिवशी बदललं तर काय चुकलं ते कुणालाच सांगता येणार नाही. आठवडाभर असं करूनही जमलं नाही तर जिथून दाणे घेता तिथे आपलं दळण नेऊन दाखवा. चिमटीत धरून बघणाऱ्याला ते लगेच कळतं.

प्रश्न : उकळतं पाणी घातलं की कॉफी जळते, असं ऐकलं. खरं का? (सातारा)

नाही. दाणा २०० अंशांच्या वर भाजलेला असतो, तो १०० अंशांच्या पाण्याने काय जळणार? फिक्या भाजलेल्या कॉफीला उकळी फुटताच पाणी घाला, गडद भाजलेलीला मिनिटभर थांबून. पुण्यात पाणी ९८ अंशांनाच उकळतं आणि महाबळेश्वरला ९५-९६ला. त्यामुळे तिकडे थांबायचीही गरज नाही.

प्रश्न : आमच्याकडे कॉफीत जायफळ लागतंच. चालेल ना? (मिरज)

चालेल. दुधात, चिमूटभरच.

प्रश्न : गेल्या दिवाळीत कूर्गहून दळलेल्या कॉफीची एक किलोची पिशवी आणली. फ्रिजमध्ये ठेवून पुरवून वापरतोय. पाणी ओतल्यावर ती फुगत नाही. दुकानदार म्हणतो, लांब चोचीची केटल घ्या, म्हणजे फुगेल. घेऊ का? (नाशिक)

केटल घेऊ नका. हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दाणा भाजताना त्याच्या आत कार्बन डायऑक्साइड कोंडला जातो. पुढचे काही आठवडे तो हळूहळू बाहेर पडत राहतो. गरम पाणी पडलं की उरलासुरला एकदम निघतो आणि पूड फुगते. तुमच्या पुडीत तो आता उरलेलाच नाही आणि त्याच्यासोबत वासही गेला. केटलची चोच लांब असो की आखूड, त्याने गेलेलं परत येत नाही. चोचीमुळे पाण्याची धार हातात राहते, इतकाच तिचा उपयोग.

अख्खा दाणा नीट बंद ठेवला तर महिना-सव्वा महिना छान राहतो. दळला की हवा लागणारा भाग कितीतरी पटींनी वाढतो आणि वास तासाभरातच उतरायला लागतो. शिवाय कॉफीत तेल असतं आणि तेल हवेवर खवट होतं. खवट खोबऱ्याची चटणी आपण कुणाला वाढत नाही. वर्षभराचा मसाला काढला तर आधी हुंगून बघतो. कॉफीच्या बाबतीत मात्र "कोरडी वस्तू आहे, टिकते" म्हणत दुसरी दिवाळी गाठतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण ती कॉफी आणली तेव्हा बहुधा चांगली असणार.

वर्गात मी दोन फिल्टर शेजारी ठेवतो. दोन्हीत १५ ग्रॅम पूड, दोन्हीवर ३० ग्रॅम पाणी. आठ दिवसांपूर्वी भाजलेली, तेव्हाच दळलेली पूड मधोमध ढोकळ्यासारखी वर येते. तिच्यावर बारीक बुडबुडे फुटतात आणि प्रत्येक बुडबुड्यासरशी पातळ गुळासारखा वास येतो. सहा महिन्यांच्या पुडीवर पाणी पडतं तिथे खड्डा होतो आणि कडेने चिखलासारखा थर चिकटतो. वास येतो ओल्या पुठ्ठ्याचा. एकदा हे पाहिलेल्या माणसाला मला पुन्हा काही सांगावं लागत नाही.

फ्रिजने फायदा झालेला नाही, तोटाच झाला असेल. पिशवी दर वेळी बाहेर काढली की आत दमटपणा जातो आणि पूड लसणापासून कोथिंबिरीपर्यंत सगळ्यांचे वास ओढून घेते.

आता पाकिटाबद्दल. पॅकिंगची तारीख वेगळी, भाजल्याची वेगळी. दोन महिन्यांपूर्वी भाजलेली कॉफी काल पाकिटात भरली तर पाकिटावर कालचीच तारीख पडते. एका दुकानात तर तारखेच्या चिकटपट्टीवर दुसरी चिकटपट्टी लावलेली मी स्वतः नखाने काढून पाहिली आहे. "१२ महिन्यांच्या आत वापरा" यावर चवीसाठी विसंबू नका. ताज्या कॉफीची चव तोवर राहत नाही. "प्रीमियम", "गोर्मे", "एस्टेट स्पेशल" या शब्दांवरून ती कधी भाजली ते कळत नाही. दिवाळीच्या सुमाराला कूर्गमध्ये अरेबिकाची (कॉफीच्या एका जातीची) तोडणी जेमतेम सुरू होते, म्हणजे तुमची पूड आदल्या हंगामाची. त्यात गैर काही नाही, कच्चा दाणा नीट ठेवला तर वर्षभर टिकतो. पण भाजला कधी, हे विचारायला हवं होतं.

यापुढे २०० ते २५० ग्रॅमच आणा, अख्खे दाणे आणा, भाजून दोन-तीन आठवड्यांच्या आतले आणा. अगदी कालचेही नकोत, चार-पाच दिवस मुरू द्या. विकणाऱ्याला थेट विचारा: कधी भाजली? त्याला सांगता येत नसेल तर पाकीट खाली ठेवा. केटलचे पैसे हाताने फिरवायच्या, दगडी जात्यासारख्या दोन चकत्यांमध्ये दाणा भरडणाऱ्या ग्राइंडरमध्ये घाला. मिक्सरच्या पात्यात निम्मी धूळ होते, निम्मे खडे राहतात. ग्राइंडर घेण्याआधी कुणाकडचा तरी चालवून बघा. उरलेली पूड वाटीत घालून फ्रिजमध्ये उघडी ठेवा, फ्रिजमधला वास ती ओढून घेईल.

प्रश्न : पाकिटावर "कॉफी-चिकोरी मिश्रण" असं बारीक अक्षरांत आहे. ही फसवणूक आहे का? (सोलापूर)

नाही. मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापावं, असा नियम आहे. ८०-२० आणि ५१-४९ यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, तेव्हा बारीक अक्षरं वाचूनच भाव ठरवा. चिकोरी हे भाजलेलं मूळ आहे, त्यात कॅफिन नसतं. स्टीलच्या फिल्टरमधल्या दुधाच्या कॉफीला त्याने रंग आणि दाटपणा येतो. कागदी फिल्टरमधून गाळून कोरी पिणार असाल तर मात्र चिकोरी नको, जळक्या साखरेची चव तेवढी पुढे येते. आणखी एक, चिकोरी गाजरगवताच्याच कुळातली. गाजरगवताची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न : स्टीलच्या फिल्टरमधून डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क) उतरतच नाही. (बेळगाव)

पूड फार बारीक आहे किंवा वरची चकती जोरात दाबली आहे. तसं नसेल तर वरचं भांडं उजेडासमोर धरा, भोकं बुजलेली दिसतील.

प्रश्न : लिंबू पिळलेली कोरी कॉफी रिकाम्या पोटी घेतली की वजन उतरतं म्हणतात. किती दिवस घ्यावी? (कल्याण)

एकही दिवस नको. वजनासाठी आहारतज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : तीन महिने छातीत जळजळतं, दुकानातून गोळ्या आणून घेतो. कमी आम्ल असलेली कॉफी सुचवा. (नागपूर)

कॉफी सुचवणार नाही. जिभेला लागणारी आंबट चव आणि पोटातलं आम्लपित्त या वेगळ्या गोष्टी आहेत. "लो अॅसिड" छापलेलं महाग पाकीट तुमच्या जळजळीचं कारण शोधून देणार नाही. तीन महिने हा फार मोठा काळ आहे. या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा आणि तोवर कॉफी बंद ठेवा. कोलेस्टेरॉलबद्दल विचारणाऱ्या दोघांनाही इथेच सांगतो: कॉफीतलं कोलेस्टेरॉल वाढवणारं तेल कागदी फिल्टरमध्ये बरंचसं अडतं, फ्रेंच प्रेसच्या, म्हणजे दट्ट्याने दाबून गाळायच्या भांड्याच्या, जाळीतून ते कपात येतं. पण रोज किती कप घ्यायचे, ते रिपोर्ट पाहणारे डॉक्टरच ठरवतील.

प्रश्न : सून पाच महिन्यांची गरोदर आहे. मी शिकून घेतलेली कॉफी तिलाही सकाळ-संध्याकाळ देते. चालेल ना? (कोथरूड)

आधी तिच्या डॉक्टरांना विचारा, आजच. गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत कॅफिन ठेवावं असं साधारण सांगितलं जातं. १५ ग्रॅम कॉफीच्या एका मोठ्या कपात दीडशेच्या आसपास सहज येतं. रोबस्टा ही कॉफीची दुसरी जात असेल तर जवळजवळ दुप्पट. म्हणजे दोन कप जास्तच होतात आणि दिवसातला चहा वेगळा. जेवणाच्या तासभर आधी आणि नंतर चहा-कॉफी टाळावी, कारण अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. तिला लोहाच्या गोळ्या चालू असतीलच, त्यांच्या वेळाही डॉक्टरांना विचारून घ्या. त्यांनी हो म्हटलं तर ७ ग्रॅम कॉफी आणि ११० ग्रॅम पाणी, असा लहान कप करा. आवडत असेल तर तेवढंच गरम दूध घाला.